मागे खाली आहे

दिगंबर लवाटे भोपाळात आले ते नोकरीसाठी, आणि राहिले ते भोपाळवर उपकार म्हणून. निदान त्यांच्या बोलण्यावरून तरी तसंच वाटे. बरखेड्याच्या मोठ्या सरकारी कारखान्यात त्यांची सगळी हयात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी साकेत नगरात दुमजली घर घेतलं. केस इथल्याच उन्हात पिकले, दात इथल्याच डॉक्टरनं काढले. पण पुण्याहून येताना बरोबर आणलेली मराठी त्यांनी लोणच्याच्या बरणीसारखी दादरा बांधून ठेवली होती. तिला ओला हात म्हणून लागू दिला नाही.

ओला हात अर्थातच सुशीलाबाईंचा. त्या माहेरच्या ग्वाल्हेरच्या. त्यांच्या घरी मराठी बोलत, पण ती खिडक्या उघड्या ठेवून बोलत. बाहेरची हिंदी हवी तेव्हा आत येई, बसे, जेवून जाई. लग्न झाल्यावर पहिल्याच सकाळी त्या म्हणाल्या होत्या, "चाय बनवून राहिलेय, घेणार ना?"

"चहा करतात," दिगंबरराव म्हणाले होते. "बनवतात ते लोकांना."

तेव्हा सुशीलाबाईंना हा विनोद वाटला होता. पुढे कळलं की हा स्वभाव आहे. संसारभर त्यांचं प्रत्येक वाक्य तोंडातून बाहेर पडलं की लाल शाईत भिजून परत यायचं. आधी त्या ओशाळल्या, मग चिडल्या, मग सासूबाईंसमोर एकदा रडल्याही. त्यानंतर मात्र त्यांनी नवऱ्याकडे बघायची एक नवी रीत शोधून काढली. त्या त्याची गंमत बघू लागल्या.

गंमत बघण्यासारखी होतीही. कारण मराठीच्या बाबतीत इतका सोवळा असलेला हा माणूस हिंदी बोलायला लागला की गल्लीतली कुत्रीसुद्धा थांबून ऐकत. दिगंबररावांची हिंदी म्हणजे मराठी वाक्य, आणि शेवटी 'है'. एकदा ते डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, "मेरा पाठ बहुत दुखता है." डॉक्टरांनी विचारलं, "कौन सा पाठ, मास्टरजी?" गिरणीवर जाऊन एकदा म्हणाले, "हमारा पीठ दे दो." गिरणीवाला भला माणूस. त्यानं आधी स्वतःच्या पाठीकडे वळून बघितलं, मग यांच्या पाठीकडे, आणि मग सुशीलाबाईंनी पुढे होऊन पिठाचा डबा उचलला. घरी येताना दिगंबरराव रागानं म्हणाले, "एवढी वर्षं गिरणी चालवतो आणि पीठ म्हणजे काय ते कळत नाही."

कारखान्यात त्यांच्याकडे माल तपासण्याचं काम होतं, आणि त्याशिवाय सुरक्षा सप्ताहात भाषण करण्याचं. दर वर्षी ते व्यासपीठावर उभे राहून सांगत, "अपघात सांगके नहीं आता है." खाली बसलेले कामगार टाळ्या वाजवत. कोण सांगून येत नाही हे त्यांना कळत नसे, पण भाषण संपल्यावर समोसा मिळत असे. दिगंबरराव टाळ्या घेऊन घरी येत आणि गॅसची नळी तपासत. बटण नीट बंद केलंय का, शिडी नीट लावली आहे का, इस्त्रीची वायर सुशीलाच्या पायात तर येणार नाही ना, यावर ते बारा महिने बोलत. स्वतः हात लावायची वेळ आली की मात्र मोजमापाची साधनं त्यांना अपमानास्पद वाटत. "माझा डोळा आहे," ते म्हणत. डोळा होता खरा. तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या चुकीवर असे.

मग सुशीलाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

घराजवळच्याच मोठ्या इस्पितळात झालं आणि चांगलं झालं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "चालायचं भरपूर, पण पडायचं नाही. या गुडघ्यावर पडलात तर पुन्हा पहिल्यापासून सगळं." सुशीलाबाईंना ते वाक्य पाठ झालं. पहिल्यापासून सगळं म्हणजे काय, हे त्यांचं त्यांना माहीत होतं. मोरीपर्यंत दुसऱ्याच्या हाताला धरून जाणं. नवऱ्यानं केलेली आमटी गिळणं. आणि ती आमटी पितापिता तिच्यातल्या फोडणीविषयी व्याख्यान ऐकणं. त्यांना आता या जगात एकच गोष्ट हवी होती: पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत, न पडता, कुणाला हाक न मारता, स्वतःच्या पायांनी जाणं.

जिना चढायचा नव्हता म्हणून खाली हॉलचाच एक भाग त्यांच्यासाठी वेगळा काढला. दिगंबररावांनी स्वतः सुताराच्या डोक्यावर उभं राहून मधे प्लायवुडचा आडोसा घालून घेतला. एक प्लाय हॉलच्या बाजूनं, एक खोलीच्या बाजूनं, आणि आत लाकडी पट्ट्यांची चौकट. वर पुट्टी आणि रंग. रंग हॉलच्या भिंतींचाच. काम झाल्यावर त्याला आडोसा म्हणायची कुणाची छाती नव्हती. "भिंत आहे ती," दिगंबरराव म्हणत. "बघून सांग बरं, विटांची कोणती आणि ही कोणती?" बघून खरंच सांगता येत नसे. सुशीलाबाईंना मात्र रात्री कूस बदलताना कोपर लागलं की कळे. भिंत ढोलकीसारखा आवाज करी.

हळूहळू त्यांचा चालायचा रस्ता ठरला. खोलीच्या दारातून वॉकर घेऊन बाहेर पडायचं. आडोशाला लागून एक बुटकं, जड शिसवी कपाट होतं, त्यावर हात टेकून दम घ्यायचा. मग जेवणाच्या टेबलाची कड. मग स्वयंपाकघराची चौकट. वॉकर दोन्ही हातांत असला तरी वळताना एक हात आपोआप बाहेर जाई आणि उभी दिसेल ती वस्तू धरी. मन धीट झालं होतं, हात अजून भित्रे होते. फोनवर मुलगी रोज विचारी, "आई, आज कुठपर्यंत?" आणि त्या सांगत, "आज कपाटापर्यंत." "आज टेबलापर्यंत." स्वयंपाकघर अजून राहिलं होतं.

एवढ्यात मे महिना लागला. खोली प्लायची, वर पंखा, आणि भोपाळचं ऊन. कूलर लावला तर दमटपणा. सुशीलाबाईंच्या पट्टीखाली घामोळं आलं. मुलगी संपदा इंदूरहून म्हणाली, "बाबा, भिंतीवरचा एक साधा एसी घ्या आणि मोकळे व्हा."

साधा एसी! दिगंबररावांनी मागच्या हिवाळ्यात एका लग्नाच्या हॉलमध्ये जमिनीवर उभा राहणारा एसी पाहिला होता. माणसाहून उंच, पांढराशुभ्र, समोर निळे आकडे. वधूपक्षापेक्षा त्याचाच रुबाब जास्त. तेव्हापासून तो त्यांच्या मनात उभा होता. "भिंतीवरचा एसी डोक्यावर वारा मारतो," त्यांनी जाहीर केलं. "उभा एसी शास्त्रीय." कशाचं शास्त्र, हे त्यांनी सांगितलं नाही.

आला. दोन माणसांनी खोक्यातून काढून उभा केला तेव्हा घरात कुणी अनोळखी पाहुणा येऊन दारात थांबल्यासारखं झालं. तो कुठे ठेवायचा यावर चर्चा झाली नाही, कारण दिगंबररावांनी ती आधीच स्वतःशी केली होती. त्यांनी शिसवी कपाट सरकवून जिन्याखाली ढकललं आणि त्याच जागी, आडोशाला पाठ लावून, एसी उभा करायचं ठरवलं. दारातून आत येणाऱ्याला तो पहिला दिसला पाहिजे.

"अहो, तिथे मी धरते," सुशीलाबाई पलंगावरून म्हणाल्या.

"मग याला धर. कपाटापेक्षा उंच आहे, वाकायला नको."

बसवायला आला नफीस. जहांगीराबादचा, हलक्या आवाजाचा, हातात सफाई असलेला आणि पायात घाई असलेला. त्याला त्या दिवशी आणखी दोन घरी जायचं होतं, आणि दर थोड्या वेळानं त्याचा फोन त्याला ते आठवून देत होता. सुशीलाबाईंच्या खोलीचं दार धुळीसाठी लावून घेतलं होतं. त्यामुळे पुढचं सगळं त्यांनी पडून, प्लायपलीकडून ऐकलं. नफीसचे शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. दिगंबररावांचा आवाज शेजारच्या गल्लीतही पोचत होता.

आधी बाहेरच्या यंत्राची खडखड झाली. तांब्याच्या नळीसाठी बाहेरच्या भिंतीला भोक पाडलं. मग अगदी त्यांच्या कानाशी प्लायवर कुणीतरी बोटांनी वाजवलं. ठक ठक. थोडं पुढे सरकून पुन्हा ठक ठक. मग नफीस काहीतरी म्हणाला.

"खाली है तो वर करो!" दिगंबरराव कडाडले.

नफीस काहीतरी म्हणाला.

"वर! वर! ऐसा! पॅकिंग दो!"

नफीस पुन्हा काहीतरी म्हणाला. यावेळी थोडं लांबलचक.

"पॅकिंग से सब होगा. मैं बोलता है ना. ये पिशवी में क्या है? पाणसळ? ठेवो वो. मेरा डोळा है."

सुशीलाबाई वाट बघत राहिल्या. त्या ड्रिलची वाट बघत होत्या. एवढं धूड उभं करायचं म्हणजे मागे भिंतीला आवळून धरणार असतील, भिंतीत भोकं पाडतील, पलंग हादरेल, म्हणून त्यांनी पाण्याचा पेला सुद्धा हातात धरून ठेवला होता. ड्रिल वाजलंच नाही. त्याऐवजी दिगंबररावांच्या खाली बसण्याचा, कण्हण्याचा आणि लाकडावर हातोडीच्या दोन ठोक्यांचा आवाज आला.

नफीस गेल्यावर दिगंबरराव हात पुसत खोलीत आले. चेहऱ्यावर कारखान्यातला जुना आनंद होता. कुणाचा तरी माल नापास केल्यावर यायचा तो.

"झालं का हो?"

"झालं म्हणजे? मी होतो म्हणून झालं. त्या पोराला काही येत नाही. उभा केला आणि म्हणतो, मागे खाली आहे. अरे, खाली आहे तर वर कर की! नुसता तोंडाकडे बघत बसला. शेवटी मीच सुताराचे उरलेले प्लायचे दोन तुकडे मागच्या पायाखाली ठोकले."

"आणि भिंतीला नाही आवळला?"

"कशाला? आता एका रेषेत आहे. जड वस्तू स्वतःच्या वजनावर उभी असते, सुशीला. हत्तीला कुणी भिंतीला बांधतं का?"

सुशीलाबाई म्हणणार होत्या की हत्तीला चार पाय असतात आणि अक्कलही असते. पण त्यांना घाम येत होता आणि दारातून गार झुळूक येऊ लागली होती. झुळकीपुढे त्या गप्प बसल्या. गार हवा खरंच सुंदर होती. ती प्लायच्या खोलीत वळून आली, पलंगाच्या पायथ्याशी थांबली आणि मग चादरीवरून हळूच वर सरकली. मे महिन्यात पहिल्यांदाच त्यांची कातडी त्यांना आपली वाटली. त्यांना झोप लागली.

चारच्या सुमाराला त्या उठल्या. अंगात हुशारी आली होती. आज टेबल नाही, आज स्वयंपाकघर, असं त्यांनी ठरवलं आणि वॉकर घेऊन दाराबाहेर आल्या. दिगंबरराव सोफ्यावर पाय पसरून बसले होते आणि एसीकडे असे बघत होते, जसं काही तो त्यांनीच जन्माला घातला.

त्या एसीपर्यंत आल्या. फरशी पांढरी, तिच्यावर एसीतून ठिबकलेलं पाणी दिसायचं नाही. वॉकरच्या पुढच्या पायाचं रबर त्यात गेलं आणि सरकलं.

पुढचं सगळं एका श्वासात झालं. वॉकर पुढे गेला. सुशीलाबाईंचा उजवा हात त्यांना न विचारता बाहेर गेला आणि त्यानं एसीची कड धरली. आणि त्या उंच पांढऱ्या पाहुण्यानं त्यांना आधार द्यायचं सोडून त्यांच्यावरच वाकायला सुरुवात केली. सावकाश, अगदी अदबीनं. त्यांना तेवढ्यातही वाटलं की हा आता आपल्या पाया पडणार.

"अहो!"

दिगंबरराव आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता धावले. त्यांनी खांदा घातला, दोन्ही हातांनी एसीला मिठी मारली आणि त्याला मागे रेटला. सुशीलाबाईंचा हात सुटला. दुसऱ्या हातानं खोलीच्या दाराची चौकट सापडली. त्या चौकटीला पाल चिकटावी तशा चिकटल्या. गुडघा टिकला. त्या उभ्या होत्या.

"लागलं?" दिगंबरराव एसीच्या पोटातून ओरडले.

"नाही."

"मग आधी बटण बंद कर. मेन बटण. पाण्यात पाय घालू नकोस. भिंतीकडून जा, कोरड्यातून."

हे मात्र ते शहाणपणाचं बोलले, आणि सुशीलाबाईंनी तेवढं मनातल्या मनात मान्य केलं. भिंतीकडून, एकेक पाऊल टाकत त्या गेल्या आणि बटण बंद केलं. निळे आकडे विझले. मग त्या जेवणाच्या खुर्चीवर बसल्या, छातीवर हात ठेवला, आणि नवऱ्याकडे बघितलं.

दिगंबररावांना हलता येत नव्हतं. मागे रेटल्यावर पाचर सटकून आडवी झाली होती आणि आता एसी एका कोपऱ्यावर डुगडुगत होता. हात काढला की तो पुढे येई. तांब्याच्या नळीवर ताण पडून ती करकरत होती. एक गाल पांढऱ्या पत्र्यावर दाबून, दोन्ही हात पसरून, सुरक्षा सप्ताहाचे प्रमुख वक्ते आपल्याच हॉलमध्ये पाचर होऊन उभे होते.

"बघतेस काय? बोलाव कुणाला तरी."

"बोलावते. पण आधी एक सांगा. हे पाणी समोर कसं आलं? त्याची पाण्याची नळी तर मागून आहे ना?"

"ते मला आत्ता विचारू नकोस."

"मागे खाली असतं तर पाणी मागे गेलं असतं. पुढे आलं, म्हणजे पुढे उतार आहे. म्हणजे आधी सरळच होता, तुम्ही मागून उचललात. नक्की काय म्हणाला होता तो?"

"सांगितलं ना! मागे खाली आहे."

"तसं नाही. तो मराठी बोलत नाही. त्याच्याच शब्दांत सांगा."

दिगंबररावांनी पत्र्यावरचा गाल बदलला. "म्हणाला, साब, पीछे तो पूरा खाली है, ऐसे नहीं चलेगा."

सुशीलाबाईंनी नुसता हात लांबवला आणि खुर्चीमागच्या आडोशावर, रंगवलेल्या, पुट्टी मारलेल्या, विटांहून सरस अशा त्या भिंतीवर बोटांनी वाजवलं. ठक ठक. ढोलकीसारखा आवाज आला.

"पूरा खाली," त्या म्हणाल्या.

दिगंबररावांचा चेहरा दिसत नव्हता, पण कान दिसत होते. ते लाल झाले.

"खाली म्हणजे... रिकामं?"

"रिकामं. पोकळ. तो म्हणत होता, साहेब, तुमच्या भिंतीत काही नाही, बोल्ट कशात धरणार? आणि तुम्ही म्हणालात, वर करो."

"मग पोकळ म्हणायचं ना सरळ!"

"हो ना. पुण्याला जाऊन शिकून यायला पाहिजे होतं त्यानं."

"सुशीला, माझे हात भरून आलेत."

"भरू देत. हत्ती आहे, स्वतःच्या वजनावर उभा राहतो."

आणि मग त्या हसल्या. पट्टीखालचा टाका ओढला जाईल म्हणून गुडघा हातांनी धरून हसल्या. एवढ्या वर्षांत या माणसानं त्यांचं एकही वाक्य धड पार पडू दिलं नव्हतं, प्रत्येकाला नाक्यावर अडवून झडती घेतली होती. आणि नफीसचं सरळ, साधं वाक्य मात्र त्यानं न तपासता आत घेतलं, कारण त्यातला एक शब्द मराठीसारखा दिसत होता. शिवाय दुसरा अर्थ घ्यायचा म्हणजे आपली भिंत भिंत नाही हे मान्य करायचं. कानांनी सोयीचं तेवढंच आत सोडलं. यानं कारखान्यात माल कसा तपासला असेल, देव जाणे.

हसू ओसरल्यावर त्यांना एकदम थंडी वाजली. हात सुटला तेव्हा चौकट तिथे नसती तर? डॉक्टरीणबाईंचं वाक्य त्यांच्या कानात पुन्हा वाजलं. त्यांनी फोन उचलला.

"नफीस भाई, आप कहाँ हो? साकेत नगर में ही? फौरन आ जाओ. साब मशीन को पकड़ के खड़े हैं. नहीं, शौक से नहीं खड़े. छोड़ेंगे तो गिर जाएगी."

नफीस आला तेव्हा दिगंबररावांच्या शर्टाचा रंग पाठीवर बदलला होता. नफीसनं काही न विचारता दुसऱ्या बाजूनं एसी धरला, पायानं पाचरी उडवल्या, आणि यंत्र सरळ फरशीवर टेकवलं. ते गुमान उभं राहिलं. दिगंबररावांनी हात सोडले, पण हातांना ते बराच वेळ कळलं नाही. ते तसेच पुढे पसरून राहिले.

सुशीलाबाईंनी नफीसलाही सोडलं नाही. "भाई, आपको पता था ना कि दीवार खोखली है? फिर बिना बोल्ट लगाए कैसे छोड़ गए?"

"अम्मा, मैंने तो बोला था साब को. साब चिल्लाने लगे, वर करो, वर करो." नफीसनं मान खाली घातली, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं. "मैं सोच रिया था, इस घर में किसका वर ढूँढ रिये हैं."

"हँसो मत. साब तो साब हैं. कल बोलेंगे बिना तार के चला दो, तो चला दोगे? दूसरे घर जाने की जल्दी थी, इसलिए मान गए. मेरा घुटना टूटता तो साब के साथ आपका भी नाम लेती."

नफीसच्या ओठांवरचं हसू गेलं. "गलती हुई, अम्मा," तो म्हणाला, आणि त्यानं खिशातला फोन बंद केला.

त्यानंतरचं काम झालं ते आधीच व्हायला हवं होतं तसं. सुशीलाबाई खुर्चीवर बसून राहिल्या आणि त्यांनी दार लावू दिलं नाही. एसी खिडकीशेजारी, बाहेरच्या विटांच्या भिंतीकडे हलवला. तिथून स्वयंपाकघराचा रस्ता मोकळा राहत होता आणि नळीही आखूड पुरली. मुरडलेली तांब्याची नळी बदलली. नफीसनं भिंत ठोकून बघितली. आवाज मेलेला, भरीव. मग ड्रिल लागलं, विटांची लाल धूळ उडाली, लोखंडी पट्टी बोल्टनं भिंतीला आवळली आणि एसीची पाठ तिच्यात अडकवून स्क्रू फिरवले. पिशवीतून पाणसळ निघाली. ती आधी लांबीत ठेवली, मग रुंदीत, आणि तिच्यातला बुडबुडा मधोमध येऊन थांबला. पाण्याची नळी मागून उतार देऊन बाहेर काढली, आणि नफीसनं पेलाभर पाणी आत ओतून ते खिडकीबाहेर पडतंय का ते पाहिलं. विजेची जाड वायर थेट मेन बोर्डावरून वेगळ्या बटणावर आणली आणि अर्थिंग तपासलं.

दिगंबरराव बाजूला उभे होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण शब्द तपासून घ्यायची सवय आता स्वतःवरच उलटली होती. शेवटी त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "इसके पीछे..." ते अडकले. 'खाली' म्हणवेना, 'पोकळ' चालणार नव्हतं. "इसके पीछे... है ना?"

"है, साब," नफीस म्हणाला. "पूरी ईंट है."

सगळं झाल्यावर तो बटण दाबायला निघाला तेव्हा सुशीलाबाईंनी हात वर केला. "ठहरो." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "लटका."

"काय?"

"मी धरलं होतं तसं धरा आणि लटका. सगळं वजन टाका. तुमचा डोळा पुरे झाला."

नफीस खिडकीबाहेर बघू लागला. दिगंबररावांनी आजूबाजूला पाहिलं, घसा साफ केला, एसीची वरची कड दोन्ही हातांनी धरली आणि गुडघे दुमडले. धोतरातले त्यांचे वडील वर कुठेतरी तोंड फिरवून बसले असतील. एसी हलला नाही. त्यांनी पुढे ओढलं, बाजूला ओढलं. एसी हलला नाही.

"आता चालू करा," सुशीलाबाई म्हणाल्या.

नफीस गेला. दिगंबररावांनी स्वतः फडकं आणून फरशी पुसली. पुसतापुसता पुण्याहून त्यांच्या भावाचा फोन आला, आणि तो घेतल्यावर त्यांचा आवाज पुन्हा पूर्वपदाला आला. "हो, बसवला. उभा आहे. नाही रे, कारागिरांची बोंब इथे. शब्दच धड वापरता येत नाहीत. पोकळ म्हणायचं तर खाली म्हणतात! इथल्या लोकांना स्वतःची हिंदी येत नाही, तुला सांगतो..."

सुशीलाबाईंनी ते सगळं ऐकलं. आश्चर्य वाटलं नाही. एवढा मोठा पांढरा पुरावा अंगावर पडूनही जो माणूस शिकत नाही, त्याला शिकवत बसायला त्यांच्याकडे आता वेळ नव्हता. त्या उठल्या आणि वॉकर घेतला.

फोन ठेवून दिगंबरराव लगबगीनं पुढे आले आणि त्यांनी हात पुढे केला. "थांब. मला धर."

सुशीलाबाईंनी त्या हाताकडे पाहिलं.

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्हाला अजून मागून ठोकून बघितलेलं नाही."

आणि त्या टेबलाच्या कडेनं, कोरड्या फरशीवरून स्वयंपाकघराकडे निघाल्या. टेबल संपलं. मधे दोन पावलांचं अंतर होतं, धरायला काही नसलेलं. त्या तिथे थांबल्या, मागे वळून बघितलं नाही, आणि चौकटीला हात न लावता आत गेल्या.